मताचा अधिकार आणि मनाचा आजार

(एक अभ्यासलेख)

धर्मादाय संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत मतदानाच्या कायद्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अन्न, औषध, शिष्यवृत्ती, अडल्यानडल्यास मदत हे आपल्या न्यासाचे नित्याचे विषय. परंतु या मदतीचा हिशेब पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. आपण दुसऱ्याला अन्न देऊ शकतो, औषध देऊ शकतो. हक्क मात्र देऊ शकत नाही. तो राज्यघटनेने आधीच दिलेला असतो. तो वापरू देणे किंवा नकळत अडवून धरणे, एवढेच आपल्या हाती असते. हा हक्क बाहेरच्या शत्रूपेक्षा घरच्याच प्रेमळ माणसांकडून अधिक वेळा अडवला जातो, असा एक वर्ग आपल्या समाजात आहे. ज्यांना मनाचा आजार आहे, किंवा ज्यांची बुद्धी जन्मतःच इतरांपेक्षा मंद गतीने चालते, अशा प्रौढ स्त्री-पुरुषांचा हा वर्ग होय. प्रस्तुत लेख त्यांच्या मताधिकाराविषयी आहे.

प्रश्न कोठे उभा राहतो

मतदारयादीसाठी बी. एल. ओ. घरी येतो आणि विचारतो, 'घरात अठरा वर्षांवरील माणसे किती?' घरातील कर्ता पुरुष नावे सांगू लागतो. स्वतःचे, पत्नीचे, मुलाचे, सुनेचे. आतल्या खोलीतील धाकट्या भावाचे नाव मात्र ओठांवर येऊन थांबते. 'त्याचे राहू द्या, तो आजारी असतो,' एवढे म्हणून विषय संपतो. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. काही घरी लोकलज्जा असते. मुलींच्या सोयरिकी जुळायच्या असतात, तेव्हा घरातील आजाराची वाच्यता नको वाटते. काही घरी माया असते; गर्दीत, रांगेत त्याची कोणी थट्टा करील ही धास्ती असते. आणि पुष्कळ घरी केवळ अशी समजूत असते की, वेड्या माणसाला कायद्याने मत नसतेच.

ही शेवटची समजूत प्रथम तपासली पाहिजे, कारण ती चुकीची आहे.

कायद्याचे नेमके शब्द

भारतीय राज्यघटनेच्या 326 व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला. वयाची अट प्रारंभी एकवीस वर्षांची होती. 1988 च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ती अठरा वर्षांवर आली. याच अनुच्छेदात अपात्रतेची कारणे मोजकीच सांगितली आहेत: निवास नसणे, मनोविकलता, गुन्हा, आणि भ्रष्ट किंवा अवैध आचरण. 'मनोविकलता' हा शब्द तेथे आहे, आणि लोकांच्या समजुतीचे मूळ बहुधा या एका शब्दात असावे.

तथापि घटनेचा हा शब्द प्रत्यक्षात कसा लावायचा, ते 1950 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने ठरवले आहे. त्याच्या सोळाव्या कलमानुसार, जी व्यक्ती मनोविकल आहे 'आणि' सक्षम न्यायालयाने तसे घोषित केलेले आहे, तिचेच नाव मतदारयादीत घालता येत नाही. येथे 'आणि' हे लहानसे अव्यय फार महत्त्वाचे आहे. दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. नुसता आजार पुरेसा नाही, नुसती शेजाऱ्यांची कुजबुज पुरेशी नाही. न्यायालयाची घोषणा असली पाहिजे. संसद सदस्य आणि विधानसभा सदस्य यांच्या अपात्रतेसाठीही घटनेच्या 102 आणि 191 या अनुच्छेदांत हीच दुहेरी अट घातलेली आहे.

तेव्हा बी. एल. ओ., शिक्षक, तलाठी, सरपंच किंवा घरचा वडीलधारा यांपैकी कोणालाही 'याला मत नाही' असे ठरवण्याचा अधिकार नाही. कोणी हरकत घेऊन नाव वगळण्याचा अर्ज केला, तरी निर्वाचक नोंदणी अधिकाऱ्याने संबंधित व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे. त्याचा निर्णय मान्य नसल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

डॉक्टरांचा कागद आणि न्यायालयाचा निर्णय

येथे वाचक विचारतील, 'मग डॉक्टरांनी लिहून दिलेल्या निदानाचे काय?' या प्रश्नाचे उत्तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने स्पष्टपणे दिले आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात म्हटले आहे की, एखाद्याला मानसिक आजार आहे असे ठरले, एवढ्यावरून तो मनोविकल आहे असा अर्थ काढता येणार नाही. तशी घोषणा सक्षम न्यायालयाने केलेली असली तरच गोष्ट वेगळी. म्हणजे नैराश्य, उन्माद, छिन्नमनस्कता यांपैकी कोणतेही नाव औषधाच्या चिठ्ठीवर असले, तरी त्या चिठ्ठीने मत जात नाही.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राविषयीही असाच गैरसमज आहे. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारची अपंगत्वे गणली आहेत; त्यांत बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता आणि मानसिक आजार यांचा समावेश आहे. हे प्रमाणपत्र सवलती मिळवण्यासाठी असते. त्याने मत जात नाही. उलट, त्याच कायद्याच्या अकराव्या कलमाने निवडणूक आयोगावर असे कर्तव्य घातले आहे की, मतदानकेंद्रे अशा व्यक्तींना सुगम असावीत आणि निवडणुकीचे साहित्य त्यांना सहज समजेल असे असावे.

पालकत्वाचा प्रश्न थोडा नाजूक आहे, आणि तो आपल्या कुटुंबांनी नीट समजून घेतला पाहिजे. आईवडील वृद्ध होतात. 'आमच्यामागे याचे कोण पाहील?' ही चिंता त्यांना पोखरू लागते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्यातील स्थानिक समिती पालक नेमू शकते. ही समिती म्हणजे न्यायालय नव्हे, आणि तिने पालक नेमला म्हणजे 'मनोविकल' अशी घोषणा झाली असे नव्हे. 2016 च्या कायद्याच्या चौदाव्या कलमात 'मर्यादित पालकत्व' सांगितले आहे: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून, दोघांनी मिळून निर्णय घ्यायचा.

याच्या उलट, मालमत्तेच्या व्यवस्थेसाठी थेट न्यायालयात जाऊन 'हा मनोविकल आहे' अशी घोषणा मागितली गेली, तर परिणाम वेगळा होतो. 1912 च्या जुन्या कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या 1987 च्या कायद्यात अशा न्यायालयीन चौकशीची तरतूद होती. 2017 च्या कायद्यात ते प्रकरण ठेवलेले नाही. पण पूर्वी अशी घोषणा झालेली असेल, तर ती घराच्या वाटणीपुरती किंवा बँकेच्या खात्यापुरती मागितलेली असली, तरी सोळाव्या कलमामुळे त्या माणसाचे मतही जाऊ शकते. म्हणून वकिलाकडे जाणाऱ्या कुटुंबाने पहिला प्रश्न हा विचारावा: 'आम्हाला जी व्यवस्था हवी आहे, ती या माणसावर असा शिक्का न मारता होईल काय?' बहुतेक वेळा त्याहून सौम्य मार्ग सापडतो.

रुग्णालयात असलेला माणूस

मनोरुग्णालयाविषयी आपल्याकडे भयही आहे आणि विनोदही आहे. महाराष्ट्रात एखाद्याला 'ठाण्याला' किंवा 'येरवड्याला' पाठवण्याची थट्टा चालते. आपल्या माळव्यात 'आग्र्याला' पाठवतात. या थट्टेमुळे रुग्णालय म्हणजे तुरुंगच, अशी कल्पना रूढ झाली. कायदा मात्र दोन्हींत स्पष्ट भेद करतो. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या 62 व्या कलमानुसार तुरुंगात असलेल्या माणसाला मत देता येत नाही. रुग्णालयातील रुग्णाला असा कोणताही मज्जाव त्या कलमात नाही.

शिवाय 1950 च्या अधिनियमाच्या विसाव्या कलमात अशी तरतूद आहे की, मानसिक आजाराच्या उपचारासाठी रुग्णालयात राहणारी व्यक्ती केवळ त्या कारणाने तेथील रहिवासी समजली जाणार नाही. म्हणजे चार-सहा महिने उपचारासाठी गेलेल्या बहिणीचे नाव आपल्या घरच्या पत्त्यावरच राहू शकते. ती घरी नाही म्हणून तिचे नाव कापून टाकण्याची घाई कोणी करू नये.

मात्र ज्यांना घर उरलेलेच नाही, बरे होऊनही ज्यांना न्यायला कोणी आले नाही, अशांचे काय? चेन्नईच्या कीळपाक भागातील मानसिक आरोग्य संस्था ही देशातील फार जुनी संस्था आहे. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत तिच्या आवारातच मतदानकेंद्र उभारण्यात आले. ज्यांची प्रकृती त्या योग्य होती अशा रुग्णांची नावे आधी यादीत घालण्यात आली, मत कसे द्यावे हे त्यांना समजावून सांगण्यात आले, आणि त्यांनी इतर नागरिकांप्रमाणे बोटाला शाई लावून मतदान केले. ज्यांना वर्षानुवर्षे कोणी भेटायलाही आले नव्हते, त्यांच्या दाराशी त्या दिवशी राज्यसंस्था आली आणि 'आपले मत काय?' असे विचारती झाली.

'पण त्याला काय कळते?'

कायदा काहीही म्हणो, एक शंका उरतेच, आणि ती प्रामाणिक आहे. ज्याला राजकारण समजत नाही, त्याच्या मताला अर्थ काय?

ही शंका नवी नाही. इंग्रजी अमलात मताचा अधिकार कर, मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता, आणि अटी सैल करण्याची गोष्ट निघाली की हेच विचारले जाई: 'अडाण्याला काय कळते?' आपल्या इंदूरजवळच्या महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1919 साली साउथबरो समितीपुढे आणि पुढे 1928 साली सायमन आयोगापुढे मताधिकाराचा प्रश्न मांडला. 1928 साली त्यांनी प्रौढ मताधिकाराचा पुरस्कार केला आणि साक्षरतेच्या कसोटीवर नेमके बोट ठेवले. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध नव्हे, आणि आपले हित कशात आहे हे ओळखायला अक्षरज्ञान लागत नाही, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

स्वतंत्र भारताने 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हे तत्त्व कृतीत आणले. सुमारे सतरा कोटी मतदारांपैकी बहुसंख्यांना लिहितावाचता येत नव्हते. तेव्हा पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या यंत्रणेने मतदाराची परीक्षा घेतली नाही, पद्धतच सोपी केली. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. जे मतदाराला जमत नाही, त्यासाठी व्यवस्थेने वाकावे, हा या देशाचा पहिला धडा होता.

आज कोणत्याही शहाण्या मतदाराची परीक्षा घेतली जात नाही. कोणी जात पाहून, कोणी भाषण ऐकून, कोणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, तर कोणी उमेदवाराचा चेहरा आवडला म्हणून मत देतो. त्यांना आपण विचारत नाही की, 'पक्षाचा जाहीरनामा वाचलात काय?' मग हा प्रश्न फक्त आजारी भावालाच का विचारावा? जी कसोटी सर्वांना लावत नाही, ती एकालाच लावणे हा न्याय नव्हे.

शिवाय मनाचा आजार हा पुष्कळदा ऊनसावलीसारखा असतो. आजार बळावला असता माणूस वेगळा दिसतो. औषध लागू पडले की तोच हिशेब ठेवतो, दुकान चालवतो, वर्तमानपत्र वाचतो. मंदगती बुद्धीच्या मुलामुलींनाही नळाला पाणी येत नाही, रस्त्यावर दिवा नाही, निवृत्तिवेतनाचे पैसे थकले आहेत, हे कळते. आणि त्यांच्या औषधांचा, शाळांचा, मदतनिधीचा निर्णय तर विधिमंडळेच करतात. ज्यांचे आयुष्य सरकारी निर्णयावर अधिक अवलंबून आहे, त्यांनाच निर्णयाबाहेर ठेवणे विपरीत होय.

काही प्रौढ व्यक्तींचे अपंगत्व इतके तीव्र असते की त्यांना निवड करणे खरोखरच शक्य नसते, हेही मान्य केले पाहिजे. पण यादीत नाव असणे म्हणजे मतदानाची सक्ती नव्हे. ज्याला जाणे शक्य नाही तो जाणार नाही. त्यासाठी इतर हजारोंचे नाव पुसण्याचे कारण नाही.

इतर देशांचा अनुभव

आपल्या कायद्यातील पुष्कळ संज्ञा इंग्रजांच्या कायद्यातून आलेल्या आहेत. त्याच इंग्लंडने 2006 च्या एका अधिनियमाने, मानसिक स्थितीमुळे मत नाकारणारा आपला जुना रूढ नियम रद्द केला. हंगेरीत मनोविकारामुळे पालकत्वाखाली ठेवलेल्या एका गृहस्थाचे मत सरसकट काढून घेण्यात आले होते. 2010 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ते अन्याय्य ठरवले. जपानात एका प्रौढ मुलीचे वडील कायद्याने तिचे पालक झाले आणि त्यामुळे, आजवर नियमाने मत देणाऱ्या त्या मुलीचे मत गेले. वडिलांनी व्यवहाराच्या सोयीसाठी केलेल्या गोष्टीचा हा परिणाम होता. ती न्यायालयात गेली. 2013 साली टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला आणि त्याच वर्षी जपानच्या संसदेने कायदा बदलला. स्पेनने 2018 साली आणि जर्मनीने 2019 साली असेच निर्बंध दूर केले.

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील 29 वे कलम मताधिकाराची हमी देते. भारताने त्याला 2007 साली मान्यता दिली आहे. आपल्या घटनेतील 'मनोविकलता' या शब्दाची व्याख्या निवडणूक कायद्यात कोठेच नाही, आणि तो काढून टाकावा असे मत अनेक विचारवंत मांडतात. तो निर्णय संसदेचा आहे. पण आहे तोच कायदा नीट पाळला, तरी आज यादीबाहेर असलेले पुष्कळ जण यादीत येतील.

दुरुपयोगाची भीती

'त्याच्या नावावर घरातलाच कोणी दुसरे मत देईल,' असेही म्हटले जाते. ही भीती खोटी नाही, परंतु तिचा रोख दुरुपयोग करणाऱ्याकडे असावा. मतदाराला धाकदपटशाने किंवा दडपणाने वळवणे हे कायद्याने भ्रष्ट आचरण आहे. कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. 1961 च्या निवडणूक नियमांनुसार अंध किंवा शारीरिकदृष्ट्या दुर्बल मतदाराला अठरा वर्षांवरील सोबती नेता येतो. त्या सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराचे सोबती होता येते, आणि गुप्तता पाळण्याचे लेखी निवेदन द्यावे लागते. हा नियम अंधत्व व शारीरिक दुर्बलता यांपुरता आहे. केवळ बुद्धी मंद आहे म्हणून सोबत्याने यंत्रापाशी जावे असे त्यातून निघत नाही. म्हणून खरी मदत म्हणजे आधी घरी करून घेतलेला सराव होय.

आपण घरी काय करावे

पहिली गोष्ट, आपल्या घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे नाव यादीत आहे की नाही ते पाहावे. नसल्यास नमुना क्रमांक 6 भरावा. 2022 पासून वर्षात चार अर्हता दिनांक आहेत: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख. 2025 च्या अखेरीस मध्य प्रदेशात विशेष सखोल पुनरीक्षण हाती घेण्यात आले, तेव्हा गणनापत्रक भरून परत न गेलेली नावे प्रारूप यादीत येणार नव्हती. अशा प्रसंगी जो स्वतः पत्रक मागू शकत नाही, त्याचेच नाव प्रथम गळते. घरच्यांनी ते भरून द्यावे.

दुसरी गोष्ट, अपंगत्वाची नोंद नमुना क्रमांक 8 द्वारे यादीत करून घ्यावी, म्हणजे केंद्रावर सोय होते. ज्यांचे अपंगत्व प्रमाणपत्रानुसार चाळीस टक्के किंवा अधिक आहे, त्यांना 2024 च्या लोकसभा निवडणुकीत नमुना 12-घ भरून घरूनच मत देण्याची सोय होती. चौकशीसाठी 1950 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

तिसरी गोष्ट, सराव. पुठ्ठ्यावर चार नावे, चार चित्रे आणि शेजारी निळी बटणे काढावीत. 2015 पासून मतयंत्रावर उमेदवाराचे छायाचित्रही असते. त्यामुळे ओळख पटणे सोपे झाले आहे. बटण दाबले की तांबडा दिवा लागतो, आणि शेजारच्या यंत्रात सात सेकंद चिठ्ठी दिसते, हे समजावून सांगावे. कोणीच पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटणही असते, तेही दाखवावे. कोणाचे बटण दाबायचे, हे मात्र सांगू नये.

चौथी गोष्ट, गर्दी आणि गोंगाट ज्यांना सोसत नाही, त्यांना सकाळी लवकर न्यावे. प्रकृती त्या दिवशी बरी नसेल तर आग्रह धरू नये. घरी परतल्यावर 'कोणाला दिलेस?' असे विचारू नये. तो प्रश्न आपण थोरल्या भावाला विचारत नाही. धाकट्यालाही विचारू नये.

पाचवी गोष्ट आपल्या न्यासासाठी आहे. न्यास ज्या कुटुंबांना औषधपाण्याची मदत देतो, त्यांच्या अर्जात 'घरातील सर्व प्रौढांची नावे मतदारयादीत आहेत काय?' अशी एक ओळ घालावी, आणि कार्यकर्त्यांनी उत्तर 'नाही' असल्यास नमुना भरून द्यावा. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही.

परगावी येऊन वसलेल्या आपल्या समाजाला गणनेत असण्याचे मोल वेगळे सांगावयास नको. आपली भाषा, आपली शाळा, आपली संस्था मोजली जावी म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खटपट केली. तोच न्याय आपल्या घरातील दुबळ्या माणसाला लावला पाहिजे. पुढच्या वेळी बी. एल. ओ. दारात येऊन घरातील माणसे किती असे विचारील, तेव्हा आतल्या खोलीतील नावही त्याच स्वरात, त्याच क्रमाने सांगितले जावे, एवढीच सभासद बंधुभगिनींना विनंती आहे.